जूनची तारीख

३ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. पाय प्लास्टरमध्ये असताना तू येऊ शकली नाहीस याचं कुणालाही वाईट वाटलेलं नाही, तेव्हा तो पाढा पुन्हा वाचू नकोस. आलेल्यांनी तरी काय केलं? चहा प्यायले, माझ्याकडे बघून हळू आवाजात बोलले आणि गेले.

जेवतेस का, झोपतेस का, असं विचारलं आहेस. जेवते. झोप तर इतकी लागते की लाज वाटते. रडू येईल म्हणून दोन दिवस जास्तीची रजा घेतली होती. ते काही आलं नाही. मग कामावर गेले.

आता जे लिहिणार आहे ते पत्रात लिहायचं नाही, असा तुझा आणि बाबांचा नियम होता. कामाचं तुझ्या टूलच्या मेलिंग लिस्टवर, सगळ्या वापरणाऱ्यांसमोर, घरचं पत्रात. बाबांनी घरातही तोच चालवला. डिसेंबरात ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली, तरी जेवताना मी सर्व्हरचा स उच्चारला की म्हणायचे, "तिथलं तिथे." पण मला आता विचारायला दुसरं कुणी नाही.

तुला कळलंय ते एवढंच, की बाबा गुरुवारी दुपारी घरात कोसळले आणि मदत वेळेवर आली नाही. का आली नाही ते कुणी तुला सांगितलेलं नसणार. लोक अडीअडचणीला जो नंबर फिरवतात तो फोन आमच्या खोलीत येतो. सहा टेबलं, सहा जणी, आणि मागच्या काचेच्या खोलीत तो सर्व्हर. १२ फेब्रुवारीला तीन बावन्नला तो पडला आणि चार पंधराला उठला. तेवीस मिनिटं. तेवढ्या वेळात आलेले फोन नुसते वाजत राहिले, कुठल्याच टेबलावर दिसले नाहीत. पर्यायी लाइन त्या आठवड्यात दुरुस्तीला होती. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांनी बाबांना जमिनीवर पाहिलं आणि फोन लावला. तीन अठ्ठावन्न, चार, चार तीन, चार सात. मग त्यांनी कुणाची तरी गाडी थांबवली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मी तेव्हा त्या काचेच्या खोलीत होते. फोन कुणाचे होते ते मला माहीत नव्हतं.

मला एकच कळून घ्यायचं आहे. सर्व्हर माझ्यामुळे पडला का? मंगळवारी, म्हणजे दोनच दिवस आधी, मी त्यात वरून आलेला नेटवर्क कार्डाचा नवीन ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, घातला होता. त्याच दिवशी डम्प ठेवायची डिस्कही बदलली होती. मशीन पडल्यावर डम्प घेणारं, तू लिहिलेलं टूल त्यावर आहेच. तुला हे शिकवायला नको, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय सुचत नाही. मेमरीच्या एका कोपऱ्यात एक छोटी राखीव सिस्टिम झोपलेली असते. मोठी सिस्टिम मेली की छोटी जागी होते, मरताना मोठीच्या मेमरीत काय होतं ते डिस्कवर उतरवून ठेवते आणि मशीन पुन्हा चालू करते. तो उतारा, तो डम्प, असता तर मला उत्तर मिळालं असतं. फोल्डर रिकामा आहे.

डिस्क बदलल्यावर छोट्या सिस्टिमची इमेज, म्हणजे तिची तयार करून ठेवलेली प्रत, नव्याने बनवावी लागते, नाहीतर ती जुनीच डिस्क शोधत बसते, हे मला माहीत आहे. तुझ्या मार्गदर्शिकेत लिहिल्याप्रमाणे मी सेटिंगच्या फाइलला त्या दिवसाची तारीख लावली आणि टूल रीस्टार्ट केलं. ते म्हणालं, सर्व ठीक. मार्गदर्शिकेत असंही आहे की मशीन पडल्यावर बटण दाबू नये, डम्प अर्धवट राहील. म्हणून मी बटणाशेजारी उभी राहिले.

काय चुकलं ते सांग.

तुझी,
ठकू


११ मार्च

प्रिय ठकू,

पहिल्यांदा हे. मी इथे खिडकीशी खुर्चीवर बसून आहे. पाय स्टुलावर, मांडीवर मांजर, त्यामुळे अक्षर असं आलंय. तुझ्या बाबाचं शेवटचं पत्र टेबलावर आहे, त्यात शेजाऱ्यांच्या नळाबद्दल अडीच पानं आहेत. मी त्याला उत्तर लिहायला घेतलं होतं.

नियम मोडलास ते बरं केलंस. मोडू या.

तू सांगतेस त्यावरून इमेज बनलीच नसणार. माझं टूल रीस्टार्ट होताना दोन तारखा बघतं. सेटिंगची फाइल इमेजपेक्षा नवी असली तर इमेज पुन्हा बनवतं, नसली तर हात लावत नाही आणि सर्व ठीक म्हणतं. म्हणून फाइलला ताजी तारीख लावायची युक्ती. एकोणीस वर्षं लोक तेच करताहेत. तुझ्या मशीनवर इमेजची तारीख काय आहे ती बघ. आणि फाइलची.

मी एक वेगळी कमांड लिहायला घेतली आहे. रीबिल्ड. तारखा न बघता, चाललेलं काही न थांबवता, इमेज नव्याने बनवेल. नाही बनली तर तोंडावर सांगेल. आधीच असायला हवी होती.

मशीन का पडलं ते डम्पशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. ड्रायव्हर घालण्यात तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो तुला वरून आला होता, तू तो घातलास. स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून घेऊ नकोस.

जेवतेस हे वाचून बरं वाटलं. काय जेवतेस ते लिही. ब्रेड आणि चहा याला जेवण म्हणत नाहीत.

तुझी आत्या


२० मार्च

प्रिय आत्या,

फाइलची तारीख १० फेब्रुवारी. इमेजची तारीख ९ जून. या वर्षीचा. जो अजून उजाडायचा आहे.

जुन्या नोंदी काढल्या. गेल्या नोव्हेंबरात मशीनचा मुख्य बोर्ड बदलला होता. नव्या बोर्डाचं घड्याळ सात महिने पुढे होतं. बाबांनी आधी इमेज बनवली आणि दोन तासांनी घड्याळ जुळवलं. घाईत असतील. खोली सुरू करायची होती. त्यामुळे मी फेब्रुवारीची काय किंवा एप्रिलची काय, कुठलीही तारीख लावली असती तरी तुझं टूल ती जुनीच समजणार होतं.

मग मी मेलिंग लिस्ट शोधली. तू लिहिलं होतंस की आधीच असायला हवी होती, म्हणून बघितलं, आधी कुणी मागितली होती का. १९ नोव्हेंबरला एकाने मागितली होती. इमेजची तारीख चुकून पुढची पडली तर रीस्टार्टचा उपयोग होत नाही आणि टूल तसं सांगतही नाही, तेव्हा थेट पुन्हा बनवायची कमांड द्यावी. उद्या माझ्या जागी येणाऱ्याच्या हे लक्षात येणार नाही. असं लिहिलंय.

त्याला तुझं उत्तर दीड ओळीचं आहे. "आपण घड्याळ योग्य लावावं. वेगळ्या कमांडची गरज नाही."

त्यावर त्यांचं, "ठीक आहे. आभारी आहे."

मेलचा पत्ता बाबांचा आहे.

त्यांच्या जागी येणारी मी होते. ते त्यांना तेव्हा माहीत होतं. माझी नेमणूक ऑक्टोबरात झाली होती.

मी हे वाचलं, मेल बंद केला, दुपारची पाळी पुरी केली. घरी जाऊन अंडी उकडली. जेवणात काय ते विचारलं होतंस म्हणून लिहिते. आतून काही हललं नाही. माझ्यात काही बिघडलंय का असं मधूनमधून वाटतं, तेही फार नाही.

शिंपीकाका काल जिन्यात भेटले. त्यांना वाटतंय की घाबरून त्यांनीच नंबर चुकीचा फिरवला. फोन मला दाखवायला काढत होते. मी म्हटलं, नंतर बघते.

ठकू


२९ मार्च

प्रिय ठकू,

होय. तो दादाच होता आणि मला ते माहीत होतं. पत्ता काय, त्याची वाक्यंसुद्धा मी अंधारात ओळखीन.

लिस्टवर आम्ही परके. एकोणीस वर्षं तसंच होतं. सुरुवातीला त्याने एकदा काही सुचवलं आणि मी ते लगेच घेतलं, तेव्हा कुणीतरी लिहिलं की बाईंच्या घरच्यांची सोय आधी होते. ते मला फार लागलं. मग ठरवलं, इथे तू मला अहो म्हणायचं आणि मी तुला. तो हसला होता. पण त्याने पाळलं. खरं सांगायचं तर त्याच्या बाबतीत मी इतरांपेक्षा जरा जास्तच कडक होते. दुसऱ्या कुणी ते मागितलं असतं तर मी दोन प्रश्न तरी विचारले असते.

त्याच संध्याकाळी मी त्याला पत्र लिहिलं. मांजराला झालेल्या खरजेबद्दल. त्याने उत्तरात मलम सुचवलं. कमांडचा उल्लेख नाही. रागही नाही. तिथलं तिथे.

मी फार काही लिहू शकत नाही. गेला आठवडा नुसतं काम करते आहे. सकाळी उठून बसते, दुपारी बघते तर चहा तसाच.

रीबिल्ड तयार आहे. लिस्टवर तपासायला टाकली आहे. लोक नेहमीप्रमाणे नावाबद्दल भांडताहेत. एकाने विचारलं, "एवढी वर्षं लागत नव्हती, आताच काय झालं?" तुझ्या मशीनवर चालवायची रीत सोबतच्या कागदावर आहे. कमांड संपली की ती इमेजची तारीख आणि आतली डिस्क दोन्ही दाखवते. डोळ्यांनी बघ, मगच पुढे जा.

शिंपीकाकांना आज सांग की नंबर बरोबर होता. माणूस कुढत बसेल.

आणि त्या ड्रायव्हरच्या मागे लागू नकोस. तो काढून टाक, जुना घाल, विषय संपव. कळून तुझ्या हातात काय येणार आहे?

आत्या


२ मे

प्रिय आत्या,

महिनाभर लिहिलं नाही. काम चालू होतं.

शिंपीकाकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि शिलाई मशीनवर बसले. कुणाचा तरी कोट होता.

ड्रायव्हर तर मी पहिल्या आठवड्यातच काढला होता. पण विषय संपला नाही. अडगळीत एक जुना सर्व्हर पडून होता, खोलीतल्याचाच जोड. साहेबांना विचारलं. ते माझ्याशी सध्या असं बोलतात जसं मी काचेची आहे. म्हणाले, हवं ते घे. त्यात तोच ड्रायव्हर घातला, तशीच डिस्क लावली, तुझी रीबिल्ड चालवली. तिने तारीख दाखवली, डिस्क दाखवली. दोन्ही बरोबर. मग खोट्या फोनचा मारा सुरू केला, गुरुवारी दुपारी असतो तेवढा, आणि थांबले. रोज डबा तिथेच खायचे. टेबलावरच्या मुली आधी डोकवायच्या, मग सोडून दिलं.

नवव्या दिवशी, सकाळी अकरा दहाला, पडलं.

डम्प पूर्ण मिळाला. तुझं टूल चाललं. सर्वांत वरच्या ओळीत ड्रायव्हरचं नाव आहे. रांग भरली की तो आधीच सोडून दिलेल्या मेमरीत लिहायला जातो. पुन्हा दोनदा करून बघितलं, तेच. पानं छापून सोबत पाठवली आहेत. ड्रायव्हर बनवणाऱ्यांना कळवलं. त्यांनी मान्य केलं.

तेव्हा उत्तर मिळालं. माझ्यामुळे पडला. वरून आला होता, मला कसं कळणार, हे सर्व साहेबही म्हणाले. बरोबर आहे. पण मंगळवारी तो घालणारे हात माझे होते. मला वाटलं होतं की कळल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. पानं फाइलला लावली, डबा धुतला.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. तिन्ही वेळा मशीन पडून, डम्प लिहून, पुन्हा उठायला साडेतीन मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजलं. त्या गुरुवारी तेवीस लागली, आणि डम्प तर लिहिलाच गेला नव्हता. मधली मिनिटं कुठे गेली?

बाबांसाठीचा पहिला फोन तीन अठ्ठावन्नला आला होता. मशीन साडेतीन मिनिटांत उठलं असतं तर तीन छप्पनला चालू असतं. मी तो उचलताना बघितला असता.

तू टूल लिहिलंस. तुला माहीत असेल.

ठकू


९ मे

ठकू,

माहीत आहे. तुझ्या पहिल्याच पत्रात तेवीस हा आकडा वाचला तेव्हाच कळलं. त्यातली वीस माझी आहेत.

छोटी सिस्टिम जागी होते आणि तिला डिस्क सापडत नाही, तेव्हा ती थांबते. काही मोठ्या डिस्का जाग्या व्हायला वेळ घेतात, म्हणून तिने किती थांबायचं ते टूलमध्ये लिहिलेलं असतं. तो आकडा मी घातला. वीस मिनिटं. फार वर्षांपूर्वी, एका दुपारी. दहा घालू की वीस, असं मनात आलं आणि म्हटलं, वीस असू दे, डम्प हातचा जायला नको. जुनी इमेज जुनी डिस्क शोधत वीस मिनिटं बसली. ती डिस्क तर तू काढून टाकली होतीस. वीस मिनिटं संपल्यावर तिने नाद सोडला आणि मशीन चालू केलं.

बटण दाबू नका, हे वाक्यही माझंच. तू दाबलं असतंस तर दोन मिनिटांत खोली चालू झाली असती. तू तिथे हात मागे बांधून उभी होतीस कारण मी तसं छापून ठेवलं होतं.

मी हे मार्चमध्ये लिहिलं नाही. लिहायला बसले होते. मग तारखांचं लिहिलं, कमांडचं लिहिलं, तुझ्या जेवणाचं लिहिलं. ड्रायव्हरच्या मागे लागू नकोस म्हटलं तेही तुझ्या काळजीने नाही, किंवा तेवढ्यानेच नाही. तू मशीन पाडून बघशील, घड्याळ लावशील आणि तुला साडेतीन दिसेल, हे मला माहीत होतं. तू दादाची मुलगी आहेस. घड्याळ लावल्याशिवाय राहणार नाहीस.

तेव्हा हिशेब असा आहे. मशीन पडलं ते तुझ्या ड्रायव्हरने. ते सगळीकडे पडतं, रोज कुठेतरी पडतं, आणि तीन-चार मिनिटांत उठतं. दादासाठी फोन आला तेव्हा ते जे बंद होतं ते माझ्यामुळे. त्याने नोव्हेंबरात नेमकं हेच दाखवलं होतं आणि मी त्याला घड्याळ लावायला सांगितलं. मी ती कमांड तेव्हा लिहिली असती तर चार दिवसांचं काम होतं. आता लिहिली तेव्हा मोजलं. चार दिवस.

फोन उचलला असता तर तो वाचला असता का, ते डॉक्टरांना माहीत नाही, मलाही नाही. ती पळवाट मी स्वतःसाठी वापरून बघितली. ती फार वेळ टिकत नाही.

वीसचा आकडा बदलला आहे. आता तीन आहे. वाक्यही काढलं आहे. रीबिल्ड नव्या आवृत्तीत गेली. सुचवणाऱ्याच्या जागी दादाचा पत्ता घातला आणि पुढे लिहिलं, माझा भाऊ.

प्लास्टर काढलं. मी येऊ शकते. येऊ का, ते तू सांग. मी विचारायच्या लायकीची नाही, तरी विचारते.

आत्या


२४ मे

आत्या,

तुझं पत्र दारातच वाचलं, पिशवी हातात होती. वाचून झाल्यावर पिशवी ठेवली आणि मला तुझा राग आला. इतका आला की मी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून आपटली. तिचा पाय मोडला. मग खाली बसले आणि रडले. शिंपीकाका वर आले, दार उघडंच होतं. नळाखाली भांडं धरून पाणी आणून दिलं आणि बाजूला उभे राहिले. मी त्यांना सांगत होते की बाबा गेले. जसं त्यांना माहीतच नव्हतं. पाच-सहा वेळा सांगितलं असेल. ते प्रत्येक वेळी हो म्हणाले.

तेव्हापासून रोज रडते. बसमध्येही येतं. जेवण जात नाही, झोप मोडते. तुला काळजी वाटावी म्हणून लिहीत नाही, तू विचारायचीस म्हणून लिहिते.

रागही रोज येतो. सकाळी तुझ्यावर, दुपारी माझ्यावर, कधी बाबांवर. ठीक आहे, आभारी आहे, असं लिहून गप्प बसले. आपली बहीण आहे, ओरडायचं की तिच्यावर. मला सांगायचं की जेवताना. बाजूच्याच खुर्चीवर तर बसायचे.

तुझं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तू लपवलंस. मग सांगितलंस, आणि तू सांगितलं नसतंस तर मला दुसऱ्या कुणाकडून कधीच कळलं नसतं. तुझं मार्चचं पत्र आणि हे, दोन्ही मी शेजारी ठेवून बघते.

आत्ता येऊ नकोस. तू दारात दिसलीस तर मी काय करीन ते मला माहीत नाही. घरात एकच धड खुर्ची उरली आहे.

पण तू बाबांना दर पंधरा दिवसांनी लिहायचीस ते घरचं पत्र आता मला पाठवत जा. मी उत्तर देईन असं नाही. पाठव.

ठकू